उष्ट्या ताटांची खिडकी

काचेच्या बाटल्या बनवणाऱ्या त्या कारखान्यात सहाशे माणसं जेवायची आणि त्या सहाशे माणसांचा आचारी एकच होता. हाताखाली चौघं होती, पण मीठ टाकायचं ते फक्त त्यानंच. एकतीस वर्षं त्यानं ते मीठ टाकलं आणि इतक्या वर्षांत जेवण कसं झालंय, असं एकदाही कुणाला विचारलं नाही. विचारून काय मिळतं? माणसं तोंडावर छान म्हणतात आणि पाठ वळली की नाक मुरडतात. त्यापेक्षा ताटं बघावीत. कँटीनच्या मागच्या भिंतीत एक बुटकी खिडकी होती. जेवण झालं की लोक आपलं ताट तिथून आत सरकवायचे. आचारी रोज जेवणाच्या सुट्टीत त्या खिडकीच्या आतल्या बाजूला, भांडी धुणाऱ्यांच्या शेजारी उभा राहायचा. खिडकी इतकी खाली होती की बाहेरच्याचा चेहरा दिसायचा नाही. दिसायचे फक्त हात, आणि ताटात काय उरलंय ते.

ताट त्याला पुस्तकासारखं वाचता यायचं. भात बोटांनी नुसता इकडून तिकडे ढकललेला असला तर मीठ जास्त. बटाटा अर्धा तोडून ठेवलेला असला तर मधे कच्चा. सूप वाटीत दोन बोटं उरलं तर पातळ झालंय, आणि पावानं वाटी पुसून घेतलेली असली तर उद्या थोडं जास्त करायला हरकत नाही. भट्टीवाल्यांना पाणीदार लागतं, पॅकिंगवाल्यांना कोरडं, हिशेबखात्यातल्यांना काहीही चालतं फक्त गरम पाहिजे, हे सगळं त्याला ताटांनीच शिकवलं. ताट खोटं बोलत नाही, असं तो हाताखालच्यांना सांगायचा. ती चौघं माना डोलवायची आणि मागे त्याची नक्कल करायची.

त्याचं लग्नसुद्धा याच खिडकीतून जमलं. नोकरीला लागल्यावर तिसऱ्या वर्षी एक ताट येऊ लागलं. ज्या दिवशी फ्लॉवर असे त्या दिवशी त्या ताटात बाकी सगळं साफ आणि फ्लॉवरचे तुरे मात्र कडेला एका ओळीत, लहानापासून मोठ्यापर्यंत, नीट लावून ठेवलेले. टाकणारे पुष्कळ असतात, पण इतकं नेटकं टाकणारं कुणी त्यानं पाहिलं नव्हतं. ताट सरकवणाऱ्या हाताच्या दोन बोटांना पांढरी चिकटपट्टी असायची, म्हणजे बाई पॅकिंगची होती, काच कापत असणार. चार महिने त्यानं तो हात पाहिला. पाचव्या महिन्यात फ्लॉवरच्या दिवशी त्यानं एका ताटात फ्लॉवरऐवजी वाटाणे वाढून ते बाजूला ठेवलं आणि वाढणाऱ्याला सांगितलं, "चिकटपट्टीवाली येईल तिला हे दे." त्या दिवशी ताट पूर्ण रिकामं परत आलं, आणि पाठोपाठ खिडकीत वाकून एक चेहराही आला. "कोण आहे हो आत?" चेहऱ्यानं विचारलं. आचाऱ्याची त-त-प-प झाली. पुढच्या वर्षी त्यांचं लग्न झालं.

लग्नानंतर घरचा स्वयंपाक तिनं स्वतःकडे घेतला. दिवसभर सहाशे माणसांचं रांधून आलेल्या माणसाला घरी आणखी कढई धरायला लावणं तिला बरं वाटेना. तेव्हा आचारी आपल्याच घरात कायम पाहुण्यासारखा जेवला. तो निवृत्त झाला त्याच वर्षी ती आजारी पडली. आजार मोठा होता, औषधं त्याहून मोठी. दर तीन आठवड्यांनी इस्पितळात एक दिवस सलाईन लावायचं आणि मग घरी येऊन त्यातून सावरायचं. औषधांनी तिच्या पोटाचे नखरे सुरू झाले. मांसाचा वास सोसवेना, अंडं पोटात ठरेना, दूध, लोणी, दही यांचं नाव काढलं तरी ढवळायचं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, डाळी, कडधान्यं, भाज्या, भात, शेंगदाणे यावर चालवा, साधं आणि घरचं. मग वजनकाट्याकडे बघून त्यांनी आचाऱ्याला बाजूला बोलावलं.

"चार किलो उतरलंय. अजून उतरलं तर मला पुढचं औषध थांबवावं लागेल. ते सोसायला अंगात काहीतरी हवं ना! पाच आठवड्यांनी पुन्हा काट्यावर उभं करू."

आचारी छाती काढून म्हणाला, "सहाशे माणसं पोसलीत मी, बाई. ही तर एकटी आहे."

ही एकटीच भारी पडणार होती, पण ते त्याला तेव्हा ठाऊक नव्हतं. पहिल्या दिवशी त्यानं मसूर डाळीचं सूप केलं तेव्हा हात सवयीनं पोत्यात जावा तसा डब्यात गेला, आणि दोन माणसांसाठी मोठं पातेलं काठोकाठ भरलं. मीठ त्यानं मुठीनं घेतलं, मग भानावर येऊन अर्धी मूठ परत टाकली, तरी सूप तोंडात धरवेना. दुसऱ्या दिवशी त्यानं सगळ्याला सहाशेनं भागून बघितलं. उत्तर आलं, मिठाचे अमुक इतके कण. डोक्याला हात लावून तो ओट्यापाशी बसला. शेवटी तिनंच खुर्चीवरून सांगितलं, "अहो, फडताळात तो कान तुटलेला कप आहे ना, तो घ्या. मी सगळं त्यानंच मोजते." मग तो कप त्याचा गुरू झाला. एक कप मसूर, चार कप पाणी, एक गाजर, एक बटाटा, वरून टोमॅटो. रात्री भिजवलेली चवळी सकाळी शिजवून कांदा, लिंबू, कोथिंबीर. भोपळा तेलावर परतून त्यात शेंगदाण्याचं कूट. भातात वाटाणे. पावाचे तुकडे तव्यावर कुरकुरीत करून त्यावर टोमॅटो आणि लसूण. अर्ध्या तासाच्या वर त्यानं कशाला लागू दिलं नाही, कारण वास घरात जितका वेळ राही तितका तिला त्रास.

आणि ताटं रिकामी येऊ लागली. दुपारी साडेबाराला तो तिला खिडकीजवळच्या टेबलावर वाढायचा आणि पिशवी घेऊन भाजीला निघून जायचा. समोर बसून एखाद्याच्या तोंडाकडे बघणं त्याला जमत नसे, आणि सगळ्यांचं झाल्याशिवाय स्वतः जेवण्याची त्याला सवयच नव्हती. तासाभरानं परत आला की ताट टेबलावर लख्ख. पहिल्या दिवशी त्याच्या जिवात जीव आला. आठवडाभरात तो जिन्यात शीळ घालू लागला. "बघ, सगळं संपवलंस!" तो म्हणायचा, आणि ती हसायची. तिचं ते हसू बघून तो आणखी फुलायचा. तिच्या मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत सरकायला लागलं होतं. ते त्याला दिसत होतं, पण औषधांचा गुण लागायला वेळ लागतो, असं तो स्वतःला समजावत होता.

त्यांच्या बरोबर खालच्या खोलीत एक म्हातारे गृहस्थ एकटे राहायचे. घड्याळं दुरुस्त करण्यात जन्म गेलेला, त्यामुळे सगळे त्यांना घड्याळकाका म्हणायचे. माणूस सज्जन, पण प्रत्येक गोष्ट सेकंदाला बरोबर पाहिजे. वजनाच्या दिवसाला बारा दिवस राहिले असताना ते आचाऱ्याला जिन्यात भेटले, आणि बराच वेळ काठी या हातातून त्या हातात घेत राहिले.

"आचारीबुवा, बोलू नका असं वहिनींनी बजावलंय. तुम्हाला संकोच वाटतो म्हणाल्या. पण मला आता राहवत नाही."

"कशाबद्दल काका?"

"अहो, तीन आठवडे रोज डबा पाठवताय! पाऊण वाजला की वरून दोरीला पिशवी येते, एक सेकंद इकडे नाही की तिकडे नाही. हात सहाशे माणसांचा आहे, जास्त होतं, असं वहिनी म्हणतात. पण कोण कुणाला देतं हो आजकाल? परवाच्या चवळीत लिंबू जरा लवकर पिळलंत, शिजताना टाकलं असावं. पण कालचा फ्लॉवर! काय सांगू तुम्हाला. मी जन्मात असा फ्लॉवर खाल्ला नाही."

आचारी हसला, "बरं बरं" म्हणाला आणि पिशवी घेऊन बाहेर पडला. भाजीवाल्याच्या दुकानापर्यंत तो गेला आणि समोरच्या पायरीवर बसला. भाजीवाल्यानं दोनदा काय हवं म्हणून विचारलं.

काल त्यानं फ्लॉवर केला होता. डॉक्टरीणबाईंच्या यादीत होता, म्हणून केला होता, डोकं न चालवता. आणि कालचं ताट रिकामं आलं होतं. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती, त्या बाईनं आयुष्यात फ्लॉवरचा एक तुरा गिळलेला नव्हता. ज्या ताटावरून त्यानं तिला शोधून काढलं, तेच ताट काल त्याच्या हातात आलं, आणि त्यानं शीळ घालत ते विसळून टाकलं! त्याला तिचा राग आला नाही. स्वतःचा इतका आला की भाजीवाल्यासमोर त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. सहाशे परक्या माणसांची ताटं डोळ्यांत तेल घालून वाचली, आणि घरचं ताट वाचायची वेळ आली तेव्हा आपण नुसते खुश होत बसलो. तीन आठवडे ती उपाशी होती. बारा दिवस हातात राहिले होते.

तो घरी गेला. टेबलावर ताट लख्ख होतं. दाराच्या खुंटीवर गुंडाळलेल्या दोरीसकट कापडी पिशवी लटकत होती. ती रोजच तिथे लटकलेली असायची, त्यानं कधी विचार केला नव्हता. त्यानं ती काढून ताटाशेजारी ठेवली.

तिनं पिशवीकडे बघितलं. मग त्याच्याकडे.

"काकांनी सांगितलं?"

"त्यांना फ्लॉवर फार आवडला."

तिनं तोंड फिरवलं. खांदे हलायला लागले तेव्हा त्याला वाटलं रडतेय, पण ती आधी हसत होती, रडणं मागून आलं.

"मी काय करू? दोन घास जातात, तिसरा वर येतो. तुम्ही ताट बघता, मला माहीत आहे ना. पहिल्या दिवशी तुम्ही ते उरलेलं सूप बघितलंत आणि तुमचा चेहरा असा पडला... मला नाही बघवलं. रिकामं ताट दिसलं की तुम्ही लहान मुलासारखे खुश होता. दुसरं काय देऊ शकते मी तुम्हाला आता? एवढंच तर उरलं होतं."

आचारी खुर्ची ओढून बसला. तिचा हात त्यानं हातात घेतला. त्या बोटांवर जुन्या काचेचे बारीक पांढरे वण अजून होते.

"अगं वेडे, एकतीस वर्षं सहाशे माणसं माझ्याशी ताटातून खरं बोलली. मला शिव्या घातल्या, पण खरं बोलली. तू एकटीच खोटं बोललीस, आणि तेही माझ्यासाठी. मला रिकामं ताट नको. मला उरलेलं दे. उरलेलं बघितल्याशिवाय मला स्वयंपाक येत नाही."

"पण काय चालतंय ते माझं मलाच कळत नाही."

"तुला कळायची गरज नाही. ते मी वाचीन. तू फक्त टाक."

दुसऱ्या दिवसापासून घराची पद्धत बदलली. आचाऱ्यानं मोठं ताट घेतलं आणि त्यात सहा पदार्थ वाढले, प्रत्येक एक चमचा. गरम सूप, गार सूप, लिंबू पिळलेली चवळी, गरम भात, काकडी, शेंगदाण्याचं कूट घातलेला बटाटा. मग तो म्हणाला, "झालं की ताट ओट्यावर सरकव आणि जा. मी वळून बघणार नाही." आणि तो भांडी घासायच्या जागी, भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मागून ताट सरकल्याचा आवाज आला, पावलं गेली, तेव्हा तो वळला.

गरम सूप जसंच्या तसं. गार सूप संपलं होतं. गरम भातात चमच्याची एक रेघ होती, बाकी तसाच. काकडी गेली. चवळीचा लिंबू लागलेला वरचा थर खाल्लेला, खालचा राहिलेला. चमचा ताटाच्या बाहेर, लांब ठेवलेला होता, जणू त्याच्याशी भांडण झालंय. आचारी ताटाकडे बघत बराच वेळ उभा राहिला. मग त्याला समजलं. वाफ येते त्याला ती हात लावत नाही. आंबट जातं. आणि स्टीलचा चमचा तिला नको आहे, तोंडात लोखंडाची चव येत असणार.

त्यानं जेवण खिडकीत निवू द्यायला सुरुवात केली. स्टीलचे चमचे उचलून डब्यात टाकले आणि लाकडी चमचा दिला. एका दिवशी तिनं अर्धी वाटी खाल्ली. मधेच एक दिवस सगळंच उरलं, पाणीसुद्धा, आणि त्या दुपारी दोघं नुसती शेजारी बसून राहिली. पुढच्या दिवशी गार बटाटा, लिंबू आणि कूट एवढंच त्यानं दिलं, ते गेलं. मग तेच दिवसातून पाच वेळा दिलं, कान तुटलेल्या कपातून, थोडं थोडं. मसूर घट्ट शिजवून, गार करून, पावावर लोण्यासारखी फासली, तीही गेली. टोमॅटो नुसता चिरून मिठासकट. कलिंगडाच्या फोडी. भिजवलेले शेंगदाणे. स्वयंपाक कसला, चिरणं आणि निववणंच ते, पण आचारी त्याच्यासाठी सहाशे माणसांच्या वेळेपेक्षा जास्त घाम गाळत होता. तो आता तिच्यापाठोपाठ त्याच टेबलावर जेवायचा, गरम सूप त्याच्या वाट्याला. घड्याळकाकांचा डबा मात्र चालूच राहिला. फक्त आता तो दारातून जायचा, आणि त्यांच्या सूचना जिन्यातच ऐकून घ्याव्या लागायच्या.

वजनाच्या दिवसाला दोन दिवस राहिले, आणि ताट रिकामं आलं.

ओट्यावर लख्ख ताट होतं. चवळी नाही, बटाटा नाही, कूट नाही, लिंबाची बीसुद्धा नाही. आचाऱ्यानं ताट उचलून उजेडात धरलं. खुंटीकडे नजर गेली, पिशवी जागेवर होती. पण पिशवी काय, खिडकी उघडीच असते, केराची टोपली आहे, कुंड्या आहेत. विचारावं तर कसं? अविश्वास दाखवला तर ती दुखावेल. नाही विचारलं तर परवा काट्यावर कळेल, आणि मग फार उशीर झालेला असेल. दिवसभर त्याचं कशातच लक्ष लागलं नाही. संध्याकाळी तो भाजीला गेला आणि एक छोटा फ्लॉवर घेऊन आला.

दुसऱ्या दिवशी त्यानं फ्लॉवर वाफवून, गार करून, लिंबू पिळून, बाकीच्या पदार्थांबरोबर ताटात वाढला. चार तुरे. काही बोलला नाही. भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि घासलेलंच पातेलं पुन्हा घासत बसला. वेळ जाता जाईना. ताट रिकामं आलं तर काय करायचं, हे त्यानं ठरवलं नव्हतं. नुसतं नको नको म्हणत होता मनात.

मागून ताट सरकलं. या वेळी पावलं गेली नाहीत. आचारी वळला.

चवळी संपली होती. बटाटा संपला होता. मसूर लावलेला पाव संपला होता, चुराही नव्हता. आणि ताटाच्या कडेला फ्लॉवरचे चार तुरे उभे होते, एका ओळीत, लहानापासून मोठ्यापर्यंत.

ताटावर अजून तिचा हात होता. हाडांवर कातडी, आणि घड्याळ कोपराकडे.

"अठ्ठावीस वर्षं झाली," ती म्हणाली. "अजून कळलं नाही तुम्हाला, मला फ्लॉवर आवडत नाही म्हणून?"

आचाऱ्यानं ओट्याला हात टेकला आणि तो रडला, लाज न बाळगता, पातेलं हातात धरून. ती ओट्याला वळसा घालून आली आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. काल ती खरंच सगळं जेवली होती.

इस्पितळात काटा सातशे ग्रॅम वर गेला. डॉक्टरीणबाईंनी औषध चालू ठेवलं आणि चष्म्यावरून आचाऱ्याकडे बघून विचारलं, "काय घालता खायला?" तो यादी सांगणार होता, पण तीच मधे बोलली.

"फ्लॉवर सोडून सगळं."